सायीचा रंग

भागीरथीबाईंच्या घराच्या भिंती पिवळ्या होत्या आणि त्या पिवळ्याच राहणार, याबद्दल जयलक्ष्मीपुरममध्ये कुणालाही शंका नव्हती. शंका काढली ती कराडहून आलेल्या एका पोरीनं, आणि तीही सून होऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं तेव्हा.

घर जुनं, विटांचं आणि चुन्याच्या गिलाव्याचं. भागीरथीबाईंचे यजमान फत्तेसिंगराव राजांच्या रिसाल्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ते बांधलं. तेव्हापासून अधूनमधून दसऱ्याच्या आधी बाहेरच्या भिंतींना चुना, चुन्यात पिवडी आणि पायथ्याला कावेचा तांबडा पट्टा. पुढे फत्तेसिंगराव गेले, संस्थान गेलं, राज्याचं नावसुद्धा बदलून कर्नाटक झालं, पण पिवडी काही बदलली नाही. बाई मुळातच बदलाच्या वैरी. त्यात विधवा झाल्यावर माणसाच्या हाती दोनच गोष्टी उरतात, घर आणि मुलगा. बाईंनी दोन्ही मुठीत घट्ट धरून ठेवल्या होत्या.

मुलगा मालोजीराव मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. स्वभावानं गरीब, म्हणजे शेवटी जो बोलेल त्याचं ऐकणारा. लग्न झालेल्यांना कारखाना क्वार्टर देत होता आणि मालोजीरावानं ते अजून घेतलं नव्हतं. हीच भागीरथीबाईंची खरी काळजी. पोरगा आपल्या छपराखालून गेला की आपण संपलो, हे त्या देवापुढे रोज बोलून दाखवायच्या. रंगाबिंगाचं नाव पुढे आलं ते नंतर.

सून नर्मदा दिसायला नाजूक, पण जीभ तलवारीच्या पात्याची. आल्याच्या पहिल्या महिन्यातच तिनं एक पराक्रम केला. कराडहून तिची मामेबहीण आली होती. तिला वाढताना भागीरथीबाई म्हणाल्या, "अय्यो, सुम्ने लाजतीस कशाला गं? साकु म्हणेपर्यंत वाढणार मी."

पाहुणी गोंधळून नर्मदेकडे बघत राहिली. नर्मदा तोंडाला पदर लावून हसली. "आत्याबाईंचं सुम्ने म्हणजे उगाच आणि साकु म्हणजे पुरे गं. इथलं मराठी असंच. अर्धं आपलं, अर्धं त्यांचं."

सासूला आत्याबाई म्हणायचं ही तिच्या माहेरची रीत. भागीरथीबाईंना आधी ती आवडली होती. त्या दिवसापासून तो शब्दही त्यांच्या कानाला टोचायला लागला. दोनशे वर्षं त्यांच्या घराण्यानं या कानडी मुलुखात मराठी जपलं होतं. लढाईवर जाताना जपलं, पेन्शनीत जपलं, शेजारणीबरोबर मिरच्या वाळवताना जपलं. आणि ही कालची पोर, जिला मराठी फुकटात मिळालं, ती त्याला हसणार! भागीरथीबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. न बोललेलं त्या विसरत नसत.

तरी एकदा दोघींमध्ये बरं वाटावं असं काही घडलं होतं, तेही सांगायला हवं. थंडीत भागीरथीबाईंचे ओठ फुटून रक्त आलं. नर्मदा दुधाचं पातेलं घेऊन आली, बोटानं वरचा जाड पापुद्रा उचलला आणि म्हणाली, "आत्याबाई, साय लावते. दोन दिवसांत बरं होईल."

क्षणभर भागीरथीबाई दचकल्या. कानडीत साय म्हणजे मर. भांडणात एकमेकांच्या तोंडावर फेकायचा शब्द तो. मग त्यांना उमगलं. त्यांच्या घरी दुधावरच्या थराला पिढ्यान् पिढ्या कानडीतलं केने म्हणत, पण त्यांची आजी साय म्हणायची, हे त्यांना आठवलं. "लाव," त्या म्हणाल्या, आणि सुनेचं बोट ओठांवर फिरू दिलं. इथं हा शब्द मोठ्यानं उच्चारू नको, एवढं एक वाक्य तेव्हा सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. वेळेला उपयोगी पडेल असं काही हाती लागलं की बाई ते टाकून देत नसत.

मालोजीरावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहाटे पहिल्या पाळीला जाणारा माणूस, दुधाच्या पातेल्यात त्यानं जन्मात डोकावलं नव्हतं. त्याचं मराठी म्हणजे आईनं लहानपणी दिलं तेवढं. बाकी शाळा कानडी, कारखाना कानडी आणि इंग्रजी. बायको जरा वेगानं बोलली की तो मान हलवायचा आणि अर्धं सोडून द्यायचा.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या आधी भिंतींची वेळ आली. जुन्या रंगानं पोपडे धरले होते, पावसाळ्यानं रस्त्याकडच्या भिंतीवर शेवाळाचे ओघळ काढले होते. नर्मदा अंगणात उभी राहून म्हणाली, "हा पिवळा म्हणजे लग्नातली हळदीची परात भिंतीवर उपडी केल्यासारखा दिसतो. आता कोण लावतं असा?"

"परात पाहिजे तर माझ्या डोक्यावर उपडी कर," भागीरथीबाई म्हणाल्या, "पण त्यांच्या भिंतीला नाव ठेवायचं नाही."

दोन दिवस घरात भांडी आपटत होती. शेवटी मालोजीरावानं आयुष्यात प्रथमच निवाडा केला. आतलं सगळं आणि मागच्या भिंती अम्माच्या; रस्त्याकडची भिंत नर्मदेची. नवऱ्याला समजावं म्हणून नर्मदा त्याच्याशी बोलताना क्रीम कलर म्हणाली आणि त्यानं रंगाऱ्यालाही तसंच सांगितलं. रात्री खोलीतून सुनेचा आवाज भागीरथीबाईंना ऐकू आला. "एक भिंतसुद्धा माझ्या मनासारखी होणार नसेल तर क्वार्टर घ्या."

क्वार्टर! भागीरथीबाई अंधारात उठून बसल्या. आज भिंत मागते, उद्या पोरगा मागेल. भिंत दिली तरी तो जाणार आणि न दिली तरी जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि मग द्यायची तरी कशाला?

रंगारी पुट्टस्वामी येलवालहून सायकलवर यायचा. त्याची बायको चुना पाण्यात विरवायची, गाळायची, रंग कालवून द्यायची. दोघांनी भिंती खरवडून धुऊन काढल्या, भेगा भरल्या, पांढरा हात दिला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर क्रीम रंगाचा हातभर नमुना लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालोजीराव कामावर गेला. नर्मदा डोक्यावरून न्हायला गेली. तिचे केस लांब, तासभर बाहेर येणार नाही हे ठरलेलं. भागीरथीबाई कट्ट्यावर आल्या आणि पुट्टस्वामीला कानडीत म्हणाल्या, "पिवडी कालव. जुनाच रंग."

"पण लहान अम्मांनी—"

"घर कुणाचं?"

पुट्टस्वामीनं बायकोकडं बघितलं. तिनं पिवडीची पुडी फोडली.

नर्मदा ओल्या केसांनी बाहेर आली तोवर वरची अर्धी भिंत पिवळी झाली होती. पुट्टस्वामी शिडीच्या टोकावर उभा राहून छज्ज्याखालचा कोपरा रंगवत होता. नर्मदा धावतच शिडीखाली गेली. तिला कानडी येत होतं ते भाजीवालीपुरतं, आणि संतापात तर माणसाला दुसऱ्याची भाषा आठवत नाही, आपली आठवते. तेव्हा ना कानडी आलं, ना क्रीम. आलं ते माहेरचं. नमुन्याकडे बोट दाखवत ती जीव खाऊन ओरडली, "अहो, हा नव्हे! साय! साय! ऐकू येतं का, साय!"

पुट्टस्वामीनं गर्रकन मान वळवली. सकाळी सकाळी घरच्या बाईनं आपल्याला मर, मर म्हणावं! त्याचा तोल गेला की चुन्याच्या निसरड्यावर शिडी घसरली, कोण सांगणार? शिडी, बादली आणि माणूस एकदमच खाली आले. त्याचा पाय अंगाखाली दुमडला आणि हाड मोडल्याचा आवाज कट्ट्यापर्यंत आला.

त्याच्या बायकोनं टाहो फोडला. "नन् गंडंगे साय् अंदळु!" माझ्या नवऱ्याला मर म्हणाली. एकदा ओरडली, दहादा ओरडली. समोरचे आले, शेजारचे आले, जाणारे-येणारे फाटकाशी थांबले. नर्मदा खाली बसून पुट्टस्वामीचं डोकं मांडीवर घ्यायला गेली तर त्याच्या बायकोनं तिला ढकलून दिलं. नर्मदेला काही कळेना. ती पिवळ्या ओघळांत बसून कट्ट्याकडे बघू लागली. "आत्याबाई, ह्या काय म्हणतायत? सांगा ना!"

सगळा जमाव भागीरथीबाईंकडे वळला. त्या घरच्या मोठ्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या. एक वाक्य पुरलं असतं. ती दुधाच्या सायीचं बोलत होती, आमच्या मराठीत तो केनेचा शब्द आहे, बस्स. वाक्य तोंडाशी आलंही. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलं, पदरामागून हसत हसत आलेलं: अर्धं आपलं, अर्धं त्यांचं. भागीरथीबाईंनी ओठ मिटले आणि टॅक्सी आणायला माणूस पाठवला.

दुपारी मालोजीराव आला तो चेहरा पाडूनच. कोपऱ्यावरच्या दुकानातच त्याला बातमी मिळाली होती, तिखटमीठ लावून. त्यानं चपला काढल्या नाहीत. "नर्मदे, तू त्याला साय म्हटलंस?"

"म्हटलं."

मालोजीरावाला हे अपेक्षित नव्हतं. ती नाही म्हणेल, मग आपण विश्वास ठेवू, असं काहीसं त्याच्या मनात असावं. "वरती चढलेल्या माणसाला मर म्हणालीस?"

"अहो, रंग सांगत होते मी! साय. दुधावरची साय. सायीचा रंग."

"तू क्रीम म्हणाली होतीस माझ्याशी."

"तेच ते! क्रीम म्हणजे साय. मराठी शब्द आहे साधा. तुम्हाला इतकंही—" ती थांबली. हे वाक्य आता पुरं करण्यात अर्थ नाही हे तिच्याही लक्षात आलं. पण जेवढं बोलली तेवढ्यानं नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मालोजीराव आईकडे वळला. "अम्मा, आहे असा शब्द?"

नर्मदेच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आत्याबाईंच्या ओठांना तिनं स्वतःच्या बोटानं साय लावली होती. आता आत्याबाई सांगतील, आणि दोघी मिळून या खुळ्या माणसाला हसतील, इतक्या विश्वासानं ती सासूकडे बघत होती. भागीरथीबाईंना तो विश्वास स्पष्ट दिसला. लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणूनच राग दुप्पट झाला.

"आपल्यात केने म्हणतात," त्या म्हणाल्या. "साय म्हणून मराठीत शब्द नाही. मी तरी ऐकला नाही, अल्ला, हो ना? आमचं मराठी अर्धं-मुर्धं, पण दोनशे वर्षांचं आहे."

नर्मदेनं वाद घातला नाही, रडली नाही, शपथ घेतली नाही. नुसती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग उठून आत गेली. भागीरथीबाईंना वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"उद्या इस्पितळात जाऊन माफी माग," मालोजीराव बंद दाराला म्हणाला.

तिनं मागितली. न दिलेल्या शापाबद्दल परक्या भाषेत हात जोडून क्षमा मागितली आणि पुट्टस्वामीच्या बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं. गल्लीतल्या बायकांनी नवरात्रात तिला एकाही घरी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. मर म्हणणारीच्या हातून कुंकू कोण लावून घेणार? चौथ्या माळेला ती ट्रंक भरून कराडला गेली. चार दिवसांसाठी, असं म्हणाली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं भागीरथीबाई मनाशी म्हणाल्या. दुसरा रंगारी बोलावून त्यांनी रस्त्याकडची भिंत पुरी करून घेतली, पिवळी. मुलाला आवडतं म्हणून रोज गोड केलं. मालोजीराव जेवायचा, ताट सरकवायचा, उठायचा. पोरगा घरातच होता. छपराखालीच होता. दिवस जातील तसा रुळेल, आणि सून परत आली तर वाकून येईल, असा त्यांचा हिशेब होता.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी मालोजीराव पाळी संपायच्या आधीच घरी आला. भागीरथीबाईंनी कॉफी पुढे ठेवली. तो उभाच राहिला.

"अम्मा, आमच्याकडे रघुनाथराव म्हणून सांगलीचे नवीन आलेत. आज कँटीनमध्ये शेजारी बसले होते. त्यांचा चहा गार झाला." तो हळूहळू बोलत होता, प्रत्येक मराठी शब्द तपासून खाली ठेवावा तसा. "वरचा थर त्यांनी चमच्यानं काढला आणि मला म्हणाले, काय हो हा चहा, साय धरली बघा. मी विचारलं, काय धरली? ते परत म्हणाले. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय."

भागीरथीबाईंनी कॉफीचा पेला उगाचच सरळ केला.

"तुला ठाऊक होता का तो शब्द?"

खोटं बोलायला एकदा हिंमत लागते. दुसऱ्यांदा नुसती सवय लागते, म्हणतात. भागीरथीबाईंकडे त्या दिवशी दोन्हीतलं काही नव्हतं. "आजी म्हणायची," त्या म्हणाल्या.

"आणि त्या दिवशी आठवला नाही?"

"आठवला होता."

तो ओरडेल म्हणून त्यांनी अंग चोरलं. मालोजीराव ओरडला नाही. आयुष्यभर जो बोलेल त्याचं ऐकणारा माणूस. ऐकायला आता कुणी उरलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी तिला माफी मागायला लावली, अम्मा," एवढंच म्हणाला.

"मालोजी, अरे तू क्वार्टरला जाशील म्हणून मी—"

"कराडला जातो," तो म्हणाला. पण हे मराठीत म्हणाला नाही. कानडीत म्हणाला, शेजाऱ्याशी बोलावं तसं नीट, आदरानं. भागीरथीबाईंना आधी लक्षातच आलं नाही. त्यांनी मराठीत विचारलं, कधी येशील? त्यानं कानडीत उत्तर दिलं. जेवून तर जा, म्हटलं. बेडा, म्हणजे नको, म्हणाला. फाटकापर्यंत त्या मागोमाग गेल्या आणि वाट्टेल ते विचारत राहिल्या, एक तरी मराठी शब्द मुलाच्या तोंडून निघावा म्हणून. निघाला नाही.

नर्मदेला परत आणायला त्याला कराडला किती विनवण्या कराव्या लागल्या, ते तोच जाणे. आल्यावर दोघं थेट मेटगळ्ळीच्या क्वार्टरमध्ये गेली. पुट्टस्वामीकडे मालोजीराव आधी गेला आणि आपल्या आईनं लपवलेला शब्द त्याला आणि त्याच्या बायकोला समजावून सांगितला. आईकडे त्यानंतर आला.

आईला टाकलं, असं मात्र कुणी म्हणू नये. दर रविवारी तो येतो. तूप आणतो, औषध आणतो, पुढं रंगाऱ्यालाही तोच घेऊन आला आणि भिंत कोणती, रंग कोणता हे आईलाच विचारलं. सगळं कानडीत. भागीरथीबाईंनी पहिल्या वर्षी रागावून बघितलं, दुसऱ्या वर्षी विनवून बघितलं. "माझ्याशी मराठीत बोल रे. या घरात बोलायला दुसरं आहे कोण?"

त्यानं औषधाच्या बाटल्या फळीवर लावता लावता कानडीत उत्तर दिलं, "कोणता शब्द आहे नि कोणता नाही, मला कुठं कळतं, अम्मा? माझं अर्धं-मुर्धं."

नर्मदा तर आता कानडी असं बोलते की येलवालच्या बाजारात कुणी तिला परकी म्हणणार नाही. सासूच्या पाया पडते, पदर सावरून बसते, ऊट आयता म्हणून जेवणाची चौकशी करते. आत्याबाई तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही.

परवाच्या रविवारी भागीरथीबाई फाटकाशेजारच्या कुंपणाच्या भिंतीशी आतून तुळशीला पाणी घालत होत्या. पलीकडून पावलं आली. नातू चार वर्षांचा. तो काहीतरी हट्टानं विचारत होता आणि नर्मदा त्याला सांगत होती, स्वच्छ कराडी मराठीत. पडवीतल्या मांजरीची गोष्ट चालली होती. मांजरीनं शेपटी का गमावली, असं पोरगं विचारत होतं, गमावली, इतका मोठा शब्द त्या एवढ्याशा तोंडात! मालोजीराव मध्येच काहीतरी बोलून हसला, तोही मराठीतच, आणि पूर्वीपेक्षा किती चांगलं! भागीरथीबाई तांब्या हातात धरून भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. मुलाचा मराठीतला आवाज त्यांनी चार-पाच वर्षांत ऐकला नव्हता.

फाटकाची कडी वाजली आणि गोष्ट थांबली.

"अज्जी, चेन्नागिद्दीरा?" नातू धावत येत म्हणाला, बऱ्या आहात ना, शिकवल्यासारखं गोड.

"मांजरीचं पुढं काय झालं रे?" भागीरथीबाईंनी मराठीत विचारलं.

पोरानं वळून आईकडे बघितलं, मग बापाकडे. ते आजीकडे बघून नुसतंच हसलं, न कळल्यासारखं, आणि चपला काढून आत पळालं.